केलीज बुश: बारा वर्षं टिकलेला नकार

तुम्ही विचारलंत ते असं. सिडनीच्या हंटर्स हिलला फिरायला गेला होतात, बंगल्यांच्या रांगेमागे अचानक रान लागलं आणि पायवाट नदीकडे उतरत गेली. सोबतच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, हे केलीज बुश, तेरा गृहिणींनी बिल्डरच्या घशातून काढलं. हे कितपत खरं? शिवाय तुमच्या इमारतीमागे ओढ्याकाठी झाडोऱ्याचा एक पट्टा आहे, तिथं परवा कुणीतरी मोजमापं घेत होतं. तर त्या बायकांसारखं तुम्हालाही काही करता येईल का? आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिलीत: येत्या रविवारी दहाबारा जण जमून त्या पट्ट्यातलं लँटाना नावाचं तण साफ करणार आहात. खरं सांगायचं तर त्या एका ओळीमुळे मी एवढं लिहायला बसले. पण तिच्याकडे शेवटी येते.

सिडनीच्या वालुकाश्मावरची रानं सांभाळायचं काम मी बावीस वर्षं करतेय. आधी पगारावर, आता हौसेनं. काम म्हणजे काय, तर बहुतेक वेळ गुडघ्यांवर बसून तण काढायचं आणि उरलेला वेळ काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कागदपत्रं वाचायची. दुसरं काम जास्त कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात जागा वाचतात त्या बऱ्याचदा तिथंच.

आता केलीज बुश. तेरा बायकांनी ते वाचवलं हे खरं, पण ते अर्धंच खरं. ती जागा १९७१ मध्ये वाचली ती एका ‘नाही’मुळे, आणि तो ‘नाही’ ज्यांनी उच्चारला त्यातले बहुतेक जण हंटर्स हिलला राहतही नव्हते. तिथं घर घेणं त्यांना सात जन्मांत परवडलं नसतं. शिवाय १९७१ मध्ये वाचली म्हणजे ती लोकांच्या नावावर झाली असंही नाही. त्यासाठी १९८३ उजाडावं लागलं. मधली बारा वर्षं कुणी सांगत नाही, कारण त्या काळात फारसं नाट्य नव्हतं. मला मात्र सगळ्यात कुतूहल त्याच वर्षांचं आहे.

आधी ती जागा तिथं उरली कशी ते बघा. हंटर्स हिल म्हणजे पॅरामाटा आणि लेन कोव्ह या दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखा घुसलेला भूभाग. मूळचा वालुमेडिगल लोकांचा. एकोणिसाव्या शतकात जुबेर नावाच्या दोघा फ्रेंच भावांनी तिथं दगडी घरं उठवली आणि तेव्हापासून तो भाग खानदानी समजला जातो. १८९० च्या दशकात टी. एच. केली यांनी नदीकाठी धातू वितळवण्याचा कारखाना आणला. कारखाना खाली पाण्यालगत, वस्ती वर चढावर, आणि दोहोंच्या मध्ये उतारावर कुणीच हात न लावलेलं रान. कारखान्याला ते आडोसा म्हणून सोयीचं होतं, वरच्यांना धूर अडवायला. म्हणजे एका अर्थी त्या रानाचा पहिला राखणदार तो कारखानाच. शहरातली दडलेली रानं बहुतेक अशीच कशाच्या तरी पाठीमागे उरलेली असतात. रेल्वेमार्गाच्या, पाण्याच्या टाकीच्या, लष्करी तळाच्या. त्यांना कुणी मुद्दाम राखलेलं नसतं, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं एवढंच. आणि ज्याच्या आडोशानं ती उरली ते हललं की एका रात्रीत ती ‘मोक्याची जागा’ होतात.

साठच्या दशकाच्या अखेरीस कारखाना हलला आणि नेमकं तेच झालं. ए. व्ही. जेनिंग्ज ही मोठी घरबांधणी कंपनी पुढे आली. जागा सुमारे ४.८ हेक्टर, म्हणजे साधारण बारा एकर, आणि समोर नदी. आधी बहुमजली इमारतींचा बेत होता. त्याला विरोध झाल्यावर तो घटत घटत २५ आलिशान घरांवर आला. हा ‘घटत घटत’ भाग लक्षात ठेवा. पुष्कळ लढाया इथंच हरतात. आधी मोठी योजना येते, लोक ओरडतात, मग छोटी येते, आणि चला, निम्मं तरी वाचलं म्हणून लोक घरी जातात. पण २५ घरं काय आणि दीडशे फ्लॅट काय, रस्ता, गटारं, विजेची लाइन आणि सपाटीकरण दोन्हीला लागतंच. खडकावरच्या उतारावर सपाटीकरण म्हणजे सुरुंग. उरलेल्या झाडांची मग शोभेची रांग होते. तिला रान म्हणता येत नाही.

त्या तेराजणींना हे कळलं होतं. सप्टेंबर १९७० मध्ये त्यांनी ‘बॅटलर्स फॉर केलीज बुश’ नावाचा गट काढला. बेटी जेम्स अध्यक्ष, कॅथ लेहानी सचिव. ऑस्ट्रेलियन बोलीत ‘बॅटलर’ म्हणजे हातावर पोट असलेला, ओढाताणीत दिवस काढणारा माणूस. या बायका काही तशा नव्हत्या. सुखवस्तू घरांतल्या, मुलांना शाळेत सोडून मग मीटिंगला येणाऱ्या, आणि आयुष्यात मोर्च्याला न गेलेल्या. पण नाव त्यांनी ते घेतलं. त्यात थोडी गंमत असावी, थोडं आव्हानही.

सुरुवातीला त्यांनी जे जे सभ्यपणे करता येतं ते सगळं केलं. पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, काउन्सिलच्या सभांना जाऊन बसल्या, वार्ताहरांना रान फिरवून दाखवलं. महापौर, आमदार, मंत्री, थेट प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, रॉबर्ट आस्किन यांच्यापर्यंत पोचल्या. आस्किन यांचं सरकार विकासकांना झुकतं माप देणारं म्हणूनच ओळखलं जायचं. १९७१ च्या जूनपर्यंत सरकारनं जमीनवापराचा झोन बदलून घरांचा मार्ग मोकळा केला. सनदशीर वाटा संपल्या. साधारणपणे अशा गोष्टी इथं संपतात, आणि मग तीस वर्षांनी कुणीतरी ‘इथं पूर्वी रान होतं’ अशी आठवण लिहितं.

इथून पुढचं वळण मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं होतं. न्यू साउथ वेल्सच्या बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनचे, म्हणजे बांधकाम मजुरांच्या संघटनेचे, सचिव जॅक मंडी असं बोलत होते की कामगाराला नुसती पगारवाढ मिळून काय उपयोग, त्याचं शहरच राहण्यालायक उरलं नाही तर? बांधायचं कसं यावर मजुराला बोलता येतं, तर बांधायचं काय आणि कुठं यावर का नाही? मंडी कम्युनिस्ट पक्षाचे. हंटर्स हिलच्या दिवाणखान्यांत कम्युनिस्ट हा शब्द कसा उच्चारला जात असेल याची कल्पना करा. तरी त्या बायका गेल्या. मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं धाडस हेच वाटतं. बुलडोझरसमोर उभं राहणं त्या मानानं सोपं.

संघटनेनं लगेच हो म्हटलं नाही. तिच्या सभासदांनीही विचारलं असणारच, की त्या श्रीमंतांच्या रानासाठी आपण आपला रोजगार का बुडवायचा? म्हणून संघटनेनं अट घातली: तुमच्यामागे वस्ती आहे हे दाखवा, जाहीर सभा घ्या. सभा झाली, सहाशेच्या आसपास लोक आले आणि त्यांनी ठरावानं संघटनेला विनंती केली की या जागेवर काम करू नका. पुढे हाच नियम झाला. संघटना आपण होऊन कुठल्याही जागेवर बंदी घालणार नाही, तिथल्या लोकांनी उघडपणे मागितली तरच घालेल. नंतर कुणीही ‘चार डोकी ठरवतात’ असा आरोप केला की या अटीकडे बोट दाखवता यायचं.

बंदी लागली. जेनिंग्जकडून सूचित झालं की संघटनेबाहेरचे मजूर आणून काम करू. त्यावर जे उत्तर आलं ते केलीज बुशवरून आलंच नाही, ते आलं नॉर्थ सिडनीतून. तिथं याच कंपनीची एक इमारत अर्धी उभी होती. त्या साइटवरच्या मजुरांनी सभा घेऊन कळवलं की केलीज बुशमधल्या गवताच्या एका पात्याला किंवा एका झाडाला जरी हात लागला, तर ही अर्धवट इमारत अशीच अर्धवट राहील, कायमची, केलीज बुशचं स्मारक म्हणून. कंपनी थांबली.

यात बळ कुठून आलं तेही सांगते, कारण नुसतं ‘एकजुटीचा विजय’ म्हणून सोडलं तर यातून काहीच हाती लागत नाही. एक म्हणजे सिडनीत तेव्हा बांधकामाची धूम होती. जागोजाग टॉवर उभे राहत होते, मजूर मिळत नव्हते, आणि दिवस वाया गेला की कर्जाचं व्याज चढत होतं. काँक्रीट ओतताना मधेच हात थांबले तर तो जोड कायमचा कच्चा राहतो. खणणं, पाडणं, ओतणं ही या संघटनेच्याच सभासदांची कामं. शिवाय बुलडोझर आणि क्रेन चालवणाऱ्यांची वेगळी संघटना होती, तीही सोबत आली. जमिनीला पहिला ओरखडा बुलडोझरचाच असतो. दुसरं कारण कायद्यातलं. १९६९ च्या मे महिन्यात क्लॅरी ओशे या मेलबर्नच्या ट्राम कामगार नेत्याला संघटनेचा दंड न भरल्याबद्दल तुरुंगात टाकलं, त्यावर देशभर संप झाले, आणि त्यानंतर संपकरी संघटनांना दंड ठोकण्याची कलमं कागदावरच राहिली. दोन वर्षं आधी हीच बंदी घातली असती तर संघटना दंडानंच मोडली असती. तेव्हा केलीज बुश वाचण्यात तेरा बायकांइतकाच त्या वेळेचाही वाटा आहे. त्यांचं मोठेपण याच्यात की त्यांनी ती वेळ ओळखली.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह होतो. आपल्याकडे चिपको १९७३ मधलं. झाडाला मिठी मारणाऱ्या गढवालच्या बायका आपल्याला माहीत असतात, कारण ते दृश्य डोळ्यांत भरतं. त्याआधी दोन वर्षं इथं जे झालं त्यात दृश्य असं काहीच नव्हतं. मजूर साइटवर गेलेच नाहीत, बस. न झालेल्या कामाचा फोटो कसा काढणार?

पुढची तीन वर्षं मात्र गाजली. १९७४ पर्यंत चाळीसहून जास्त ठिकाणी अशा बंद्या लागल्या आणि अब्जावधी डॉलरची कामं अडली. द रॉक्स ही सिडनीची सर्वांत जुनी वस्ती आज पर्यटकांनी फुललेली दिसते, ती पाडून तिथं टॉवर यायचे होते. सेंटेनियल पार्कच्या जागेत क्रीडासंकुल यायचं होतं. ऑपेरा हाऊसच्या वाहनतळासाठी बोटॅनिक गार्डनच्या कडेची जुनी अंजिरवर्गीय झाडं जायची होती. हे सगळं अडलं. तोवर अशा बहिष्काराला इथं ‘ब्लॅक बॅन’ म्हणत. मंडींनी १९७३ मध्ये ‘ग्रीन बॅन’ हा शब्द काढला. जर्मनीच्या ग्रीन पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, पेट्रा केली, सत्तरच्या दशकात सिडनीला येऊन गेल्या आणि ‘ग्रीन’ हा शब्द राजकारणात त्यांनी इथून नेला, असंही सांगतात. त्यांचं आडनाव आणि रानाचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग. त्यावरून कथा रचणारे मी पाहिलेत, म्हणून सांगून ठेवते.

मग उतार लागला. १९७४-७५ मध्ये त्याच संघटनेच्या केंद्रीय नेतृत्वानं, नॉर्म गॅलघर यांच्या पुढाकारानं, राज्य शाखा ताब्यात घेतली. मंडी, बॉब प्रिंगल, जो ओवेन्स यांना बाहेर काढलं. बांधकामाची धूमही तोवर ओसरली होती. ज्यांच्या नकारावर रान उभं होतं तेच आता दारात नव्हते. जागा अजून खासगी, कागद अजून घरांच्या बाजूचे. इथं केलीज बुश जायला हवं होतं.

ते गेलं नाही, याचं श्रेय मी त्या बायकांच्या चिकाटीला देते. गट मोडला नाही. बैठका, पत्रं, प्रत्येक नव्या मंत्र्याला पहिल्यापासून सगळी कथा सांगणं. कामगारांनी त्यांना वेळ मिळवून दिला होता, आणि तो त्यांनी वाया घालवला नाही. १९७६ मध्ये नेव्हिल रॅन यांचं लेबर सरकार आलं. १९७७ मध्ये वारसा कायदा झाला, १९७९ मध्ये नियोजनाचा नवा कायदा, आणि त्याच्या पाठोपाठ जमीन व पर्यावरण न्यायालय. आज तुम्हाला एखाद्या बांधकामाची जाहीर सूचना वाचून हरकत घेता येते, ती सोय या गदारोळातून आली. आणि ३ सप्टेंबर १९८३ रोजी रॅन यांनी जाहीर केलं की सरकारनं केलीज बुश विकत घेतलं असून ते सर्वांसाठी खुलं राहील. सातवीतल्या ज्या पोरासाठी आईनं सह्या गोळा केल्या असतील, ते तोवर पंचविशीचं झालेलं.

आता रानाबद्दल चार शब्द, कारण तुम्ही ते पाहून आलात तरी बहुधा नीट पाहिलं नाही. दोष तुमचा नाही, पायवाट उतरती असली की नजर पायाशीच राहते. पुढच्या वेळी नोव्हेंबरअखेर जा. अँगोफोरा नावाचं झाड शोधा. दगडाच्या भेगेत मूळ घालून, त्या दगडावर मेण ओघळून थिजावं तसं खोड पसरून बसलेलं असतं. त्या सुमारास त्याची जुनी करडी साल गळते आणि आतून केशरी-गुलाबी, माणसाच्या कातडीसारखं गुळगुळीत खोड निघतं. बुंध्याशी सालीच्या कपच्यांचा खच पडतो. तो खच उचलून नेऊ नका आणि उकरूही नका. त्याखाली कित्येक वर्षं पडून राहिलेलं बी असतं. माझं सगळं काम त्या बियांच्या भरवशावर चालतं.

यावरून ब्रॅडली बहिणींचं सांगायलाच हवं. जोन आणि आयलीन, मॉस्मनच्या. साठच्या दशकात त्या कुत्र्यांना फिरवता फिरवता वाटेवरचं परकं तण हातानं काढत जायच्या. वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जिथं काउन्सिल यंत्रं लावून सगळं साफ करतं तिथं पुढल्या वर्षी दुप्पट तण येतं, आणि त्या जिथं थोडंथोडं काढतात तिथं रान आपण होऊन परत येतं. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी बांधल्या. चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे सरकायचं, उलट नाही. माती कमीत कमी हलवायची, पालापाचोळा होता तसा परत पसरायचा. आणि रान जितक्या वेगानं भरून येईल तितक्याच वेगानं काढायचं, आपल्या उत्साहाच्या वेगानं नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते. माणसाचा हात आधी जिथं माजलंय तिथंच जातो.

माझाही गेला होता. कामाला लागून दुसरंच वर्ष. एका राखीव रानात, कुठलं ते राहू द्या, ओढ्याच्या काठावर लँटानाची भिंत होती. लँटाना म्हणजे आपली घाणेरी. काही भागांत टणटणी म्हणतात. पान चुरगळलं की तोच वास येतो, पहिल्या दिवशी मला एकदम गावाकडच्या बांधाची आठवण झाली होती. आम्ही आठ जणांनी दोन शनिवारांत ती भिंत आडवी केली. फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, फार खूश झालो. महिन्याभरानं गेले तर तिथं फेअरी रेन नव्हते. निळ्या डोक्याचा, शेपूट उभी धरणारा अंगठ्याएवढा पक्षी, त्यांचं पंधरावीसचं कुटुंब त्या भिंतीत राहायचं. काटेरी जाळीत त्यांना मांजरापासून, कुरावाँग या मोठ्या शिकारी पक्ष्यापासून आसरा होता. मूळचं दाट झुडूप तिथं उरलंच नव्हतं, तेव्हा त्यांनी घाणेरीत संसार मांडला होता, आणि आम्ही घर पाडलं. सहा महिन्यांनी त्या उघड्या मातीत अॅस्परॅगस फर्न आणि प्रिव्हेट उगवलं, ते काढायला पुढे चार वर्षं गेली. पक्षी परत आले, पण माझ्या हिशेबानं सातव्या वर्षी.

तर तुमच्या पट्ट्याकडे येऊ. मोजमापं घेतली म्हणजे इमारत येणार असंच नाही. पावसाळी गटाराची पाहणी असू शकते. पण अंदाजावर बसू नका. पहिलं काम रविवारी रानात जायचं नाही, सोमवारी काउन्सिलला फोन करायचा आहे. तिथं दोनच प्रश्न विचारा: ही जमीन कुणाची, आणि वर्ग कोणता?

काउन्सिलची असेल तर १९९३ च्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे ती ‘कम्युनिटी’ वर्गात असते किंवा ‘ऑपरेशनल’ वर्गात. कम्युनिटी जमीन काउन्सिलला विकता येत नाही, आणि तिचा व्यवस्थापन आराखडा असावा लागतो. तो मागून घ्या आणि वाचा. ऑपरेशनल असेल तर ती विकता येते, आणि मग तुमच्याकडे वेळ कमी आहे. खरा धोका बहुतेक वेळा बुलडोझरच्या रूपात येत नाही. तो सभेच्या विषयपत्रिकेत एका ओळीनं येतो: अमुक भूखंडाचं पुनर्वर्गीकरण. कम्युनिटीतून ऑपरेशनलमध्ये नेण्यासाठी काउन्सिलच्या स्थानिक नियोजन आराखड्यात बदल आणि जाहीर सुनावणी लागते. त्या सुनावणीला वीस लोक आले तर काय होतं आणि दोन आले तर काय होतं, दोन्ही मी पाहिलंय. झोनही पाहा. सी२ म्हणजे पर्यावरण संवर्धन, आरई१ म्हणजे सार्वजनिक करमणूक. आरई१ ऐकून हायसं वाटतं, पण खेळाचं मैदान, कॅफे, वाहनतळ ही सगळी त्यातच बसू शकतात.

जमीन काउन्सिलची नसेल, समजा रेल्वेची किंवा पाणी खात्याची निघाली, तर रस्ता वेगळा. लॅव्हेंडर बे इथली वेंडी व्हाइटली यांची बाग पाहिलीत का? १९९२ मध्ये पूर्वीचा नवरा, चित्रकार ब्रेट व्हाइटली गेल्यावर त्यांनी घरासमोरच्या रेल्वेच्या पडीक जागेतला कचरा उपसायला सुरुवात केली. परवानगी नाही, आराखडा नाही. वीसेक वर्षांत तिथं अख्खी बाग उभी राहिली आणि सगळं शहर तिथं यायला लागलं, तरी कागदावर ती जागा रेल्वेचीच. २०१५ मध्ये सरकारनं ती नॉर्थ सिडनी काउन्सिलला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली, आणखी तीस वर्षं वाढवता येईल अशा सोयीसह. लोक म्हणतात वाचली. मी म्हणते मुदत मिळाली. त्यांच्या घरासमोर त्यांनी जे विनापरवाना केलं ते तुम्ही करावं असं मी सुचवत नाही. त्यांच्यामागे नाव होतं, तुमच्यामागे स्ट्राटा कमिटी, म्हणजे इमारतीतल्या घरमालकांची समिती, आहे.

आणि आज युनियन येईल का, असंही तुमच्या प्रश्नात होतं. त्या भरवशावर राहू नका. ग्रीन बॅन अजूनही अधूनमधून लागतात, पण १९७१ मधली कायद्यातली फट आज नाही. तेव्हाची एक अट मात्र आजही उपयोगी आहे: कुणाकडेही मदत मागायच्या आधी वस्ती आपल्यामागे आहे हे दाखवा. इमारतीत किती भाषा बोलल्या जातात ते पाहा आणि पत्रक तितक्या भाषांत काढा. आपलेच दहाबारा मराठी लोक गेले तर अधिकाऱ्याला ती एक भिशी वाटते.

आता रविवार. घाणेरी कापू नका. परवानगीशिवाय काउन्सिलच्या जागेतली झाडंझुडपं तोडणं हा गुन्हा आहे, आणि नेमकं तेच तुमच्याविरुद्ध वापरता येतं. ‘रहिवाशांनीच रान उजाड केलं’ हे वाक्य मी एका अहवालात वाचलेलं आहे. त्याऐवजी काउन्सिलच्या बुशकेअर समन्वयकाला ईमेल करा, तुमच्या पट्ट्यावर नवा गट नोंदवायचाय म्हणून. ते माणूस पाठवतात, हातमोजे आणि अवजारं देतात, विमाही त्यांचाच. नोंदणीकृत गट असला की ती जागा त्यांच्या कागदावर येते, आणि कागदावर जिथं दर महिन्याला बारा माणसं राबताना दिसतात तिथं हात घालताना अधिकारी दोनदा विचार करतो.

परवानगी मिळाली की पहिले दोन महिने घाणेरीच्या भिंतीला हातच लावायचा नाही. पट्ट्याचा जो कोपरा सगळ्यात चांगला आहे, जिथं देशी झाडांखाली पालापाचोळा आहे आणि तण तुरळक आहे, तिथं बसा. अॅस्परॅगस फर्न दिसलं तर सगळ्या गाठी उकरत बसू नका. मुळांवरच्या त्या पांढऱ्या गाठी नुसत्या पाण्याच्या असतात, त्यांतून काही फुटत नाही. मधला कठीण गड्डा तेवढा चाकूनं कापून काढा. घाणेरीची पाळी येईल तेव्हा कडेची एकदोन झुडपं घ्या, बुंधा जमिनीलगत कापा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्यावर तणनाशक लावा, नाहीतर जखम बंद होते आणि सगळं फुकट. बाकीची भिंत तशीच ठेवा, आतल्या बाजूनं देशी झुडूप छातीएवढं होईपर्यंत.

या रविवारी मात्र सगळ्यांना घेऊन जाच. अवजारं घरी ठेवा, चहाचा थर्मास न्या. सकाळी सातच्या आत पोचलात तर घाणेरीपासून दहा पावलांवर गप्प बसा आणि आतून बारीक किणकिण ऐकू येते का पाहा. आली तर किती पक्षी, कुठल्या बाजूला, ते लिहून मला कळवा. समन्वयकाला लिहायच्या पत्रात पहिलं वाक्य तेच घालू.